अजून एक बोट

मोटर उघडताना कुठलाही मिस्त्री मनातल्या मनात एकच मागणं मागत असतो, की आत फार नासधूस झालेली नसू दे. ही मिस्त्रीण त्या सकाळी बरोबर उलटं मागत होती. पिस्टन घासलेले निघू देत, ब्रेकच्या प्लेटा जळून काळ्या पडलेल्या असू देत, तेलात पितळेचा चुरा चमकू दे. काहीही चालेल, पण काहीतरी निघू दे. कारण आत काही निघालं नाही, तर दोष मोटरीचा नव्हता. आणि मोटरीचा नसला, तर तो तिच्या बाबांचा होता.

बाबा पोकलेन चालवायचे. साइटवर त्यांना सगळे मोजपट्टी म्हणत, आणि हे नाव त्यांनी रीतसर कमावलेलं होतं. "इथे साधारण खणा हो," असं कोणी म्हटलं की ते इंजिन बंद करायचे, केबिनमधून खाली उतरायचे आणि विचारायचे, "साधारण म्हणजे कुठे?" मग तो बिचारा टेप शोधत फिरायचा. घरीही तीच तऱ्हा. चपला भिंतीला समांतर, पडद्याची दोन्ही टोकं एका उंचीवर, पाण्याचा ग्लास काठाच्या नेमका खालपर्यंत भरलेला. अशा माणसाबरोबर राहणं म्हणजे काय ते त्यांच्या लेकीला विचारावं. लहानपणी ती मुद्दाम एक चप्पल तिरकी ठेवायची आणि दाराआड लपून बघायची. बाबा कामावरून यायचे, एक अक्षर न बोलता पायाने चप्पल सरळ करायचे आणि दाराकडे ढुंकूनही न बघता म्हणायचे, "बाहेर ये."

मुद्दाम केलेली चूक आणि हातून झालेली चूक यांतला फरक त्यांना कसा कळायचा, हे कोडं तिला कधीच सुटलं नाही.

तिने हा धंदा धरला तोही त्यांच्यामुळेच. शाळेला सुट्टी असली की ते तिला साइटवर न्यायचे आणि लांब, सावलीत बसवायचे. एकदा तिने विचारलं होतं, की बाबा, पाय जागच्या जागी राहतात आणि वरचं सगळं धड गरागरा फिरतं, ते फिरवतं कोण? केबिन, इंजिन, पुढचा लांब हात, मागचं ते भलंमोठं वजन, एवढं सगळं?

"तेल," बाबा म्हणाले होते.

ती हसली. तेल काय फिरवणार! तेव्हा त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवून तिला सगळं दाखवलं होतं. पंप तेलाला दाबून मोटरीत पाठवतो. मोटरीच्या पोटात गोल बसवलेले लहान लहान पिस्टन असतात, ते तेलाच्या दाबाने एकामागून एक ढकलले जातात आणि मधला दांडा फिरतो. तो फार जोरात फिरतो, म्हणून खाली गिअरबॉक्स. तिथे वेग कमी होतो आणि ताकद वाढते. गिअरबॉक्सच्या तळाशी एक लहानसं दातेरी चाक, आणि ते अडकलेलं असतं एका मोठ्या दातेरी कड्यात. कडं खालच्या चौकटीला पक्कं, ते हलायचं नाव घेत नाही. मग ते लहानगं चाकच कड्याच्या आतल्या बाजूने चालत सुटतं आणि जाताना अख्खं धड सोबत घेऊन जातं.

"म्हणजे एवढंसं चाक सगळ्यांना ओढतं?" तिने विचारलं होतं.

"घरात तुझी आई नाही का," बाबा म्हणाले होते, आणि दोघं खूप हसले होते.

फिरवणं सोपं, थांबवणं अवघड, हे तिला पुढे कळलं. केबिनमधला, चालवणाऱ्याच्या हातातला डावा दांडा सोडला की मोटरीचे तेलाचे रस्ते बंद होतात, पण एवढं वजन काही शहाण्या मुलासारखं लगेच उभं राहत नाही. ते आपल्या जोरात पुढे जातच राहतं, अडकलेलं तेल त्याला मागे खेचत राहतं, आणि मग हळूहळू ते निमूट थांबतं. थांबलं की स्प्रिंगच्या जोराने ब्रेकच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. तेव्हा जिथे थांबायचं, त्याच्या आधीच दांडा सोडावा लागतो. किती आधी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. उतार, बकेटमधली माती, तेल गार की गरम, सगळं बघून ते हाताला कळावं लागतं.

बाबांच्या हाताला कळायचं. ते दोन रेघा ओढायचे, खडूने. एक वरच्या धडाच्या कडेला, एक तिच्या बरोबर खाली, पायांच्या चौकटीवर. मग केबिनमध्ये चढायचे, मशीन पूर्ण गोल फिरवायचे आणि दांडा सोडून द्यायचे. मशीन सावकाश येऊन थांबायचं आणि वरची रेघ खालच्या रेघेवर येऊन अशी बसायची, की एकच रेघ ओढली आहे असं वाटावं. लेक मोठी झाली तेव्हा त्यांनी तिलाही याच रेघांवर शिकवलं. मिस्त्रीला मशीन चालवता आलंच पाहिजे, नाहीतर तो नुसता नट पिळणारा, असं त्यांचं म्हणणं. ती फिरवायची, सोडायची, मान बाहेर काढून बघायची. बाबा खाली वाकून दोन रेघांच्या मध्ये बोट धरायचे.

"अजून एक बोट," ते म्हणायचे.

कधी ते बोट तिथे जेमतेम मावायचं, कधी नखाएवढीच फट असायची, तरी तेच. "अजून एक बोट." तिच्या हाताला ते वळण पुरतं बसलं तरी बाबांनी "बरोबर" असं कधी म्हटलं नाही. एकदा रेघा नीट जुळल्यात अशी तिची खात्री होती, तर हे गृहस्थ चष्मा पुसून पुन्हा वाकले आणि म्हणाले, "खडूची जाडी बघ. अर्धी रेघ बाहेर आहे." त्या दिवशी ती घरी येऊन त्यांच्याशी बोलली नव्हती. आईने मध्यस्थी केली होती. आता आईही नव्हती. घरात दोघंच.

आणि मग काल ते झालं.

दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाया खणायचं काम चालू होतं. तिथे मशीन वळवायचं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखंच, म्हणून मशीनच्या मालकिणीने बाबांनाच बसवलं होतं. भरलेली बकेट घेऊन मशीन ट्रककडे वळलं, आणि ट्रकच्या हौद्यावर थांबायच्या ऐवजी पुढे गेलं. बकेटची कड ट्रकच्या केबिनला लागली आणि दार पत्र्याच्या डब्यासारखं आत गेलं. ट्रकवाला नुकताच पाणी प्यायला खाली उतरला होता. त्याची जीभ एरवी क्षणभर तोंडात ठरत नाही, पण काल तो चुरगळलेल्या दाराकडे बघत बराच वेळ हातात रिकामा ग्लास धरून उभा राहिला. मग म्हणाला, "तहान लागली म्हणून वाचलो बघा, काका." हसला तो एकटाच.

बाबा केबिनमधून उतरले. चेहरा पांढराफटक पडला होता. "स्विंग मोटर गेली, धड फिरवणारी," ते म्हणाले. "महिनाभर सांगतोय, मशीन पुढे जातं. माझं ऐकत नाही."

ते खरंच महिनाभर सांगत होते. आणि लेक महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं करत होती, ते आळसाने नाही. घरात तिला दुसरंच काहीतरी दिसत होतं. बाबा चहा ओततात आणि कप भरला तरी हात वर येत नाही, चहा बशीत उतरतो, मग टेबलावर. नळ बंद करायला उठतात आणि बादली वाहून गेल्यावर त्यांचा हात तोटीपर्यंत पोचतो. डोळ्यांना सगळं नीट दिसतं, मनाला सगळं कळतं, पण मनाचा निरोप हाताला उशिरा मिळतो. तिने एकदा डॉक्टरांचं नाव काढलं होतं. "मला काय झालंय?" ते म्हणाले होते, "मशीनला दाखव डॉक्टर. त्याची डॉक्टर तू घरचीच आहेस." तिने टेबल पुसून टाकलं होतं.

मालकीण काल संध्याकाळीच येऊन गेली. मनाने वाईट नव्हती ती. नवरा वारल्यावर धंदा तिच्या अंगावर पडला, तेव्हा मशीन म्हणजे काय हे तिला मोजपट्टीनेच शिकवलं होतं. तिने लेकीला बाजूला घेतलं.

"मोटर असेल तर मोटर बदलू," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मोटर नसेल, तर मी त्यांना पुन्हा वर बसवू शकत नाही गं. खाली माणसं असतात. तू उघड, बघ आणि मला फोन कर. तू म्हणशील ते खरं."

तू म्हणशील ते खरं! माणसं असं काही सहज बोलून गाडीत बसून निघून जातात, आणि ज्याला बोललं त्याची झोप उडते.

म्हणून सकाळी ती मागणं मागत होती. बाबांचा एक नियम होता, त्यांनीच तिला घालून दिलेला: आधी मशीन चालवून बघायचं, मगच पाना लावायचा. आज तिने तो नियम मोडला. केबिनकडे तिने बघितलंसुद्धा नाही. थेट वर चढली, पाइप सोडले, त्यांच्या तोंडाला बुचं मारली, चेन पुली लावून मोटर गिअरबॉक्सवरून उचलली आणि सामानाच्या कंटेनरमध्ये नेऊन टेबलावर ठेवली. का नाही बघितलं चालवून? कारण चालवलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. आणि तिला जरा वेळ हवा होता, न कळलेला.

बाबांना तिने बाहेरच थांबायला सांगितलं. आत धूळ नको, म्हणाली. ते खरंही होतं. ते ट्रकवाल्याशेजारी उपड्या बादलीवर बसून राहिले आणि प्रत्येक आवाजाला कान टवकारत राहिले.

तिने झाकण काढलं. तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं आणि उजेडात धरलं. चुरा नव्हता. जिच्यावर पिस्टनचा गोळा फिरतो ती तबकडी काढली. तिच्यावर बोट फिरवलं, नख फिरवलं. एक ओरखडा नव्हता, तिचाच चेहरा तीत दिसत होता. पिस्टन एकेक करून उपसले, हलवून पाहिले. सगळे जिथल्या तिथे घट्ट. स्प्रिंगा सारख्या उंचीच्या. शेवटी ब्रेकच्या प्लेटा राहिल्या. त्यांच्यावर तिची सगळी भिस्त होती, कारण मशीन पुढे जातं म्हटल्यावर पहिला संशय त्यांच्यावरच जातो. तिने त्या मायक्रोमीटरने मोजल्या. पुन्हा मोजल्या. मायक्रोमीटरच बिघडला असेल म्हणून दुसरा आणून मोजल्या. इतकी निरोगी मोटर तिने कित्येक दिवसांत उघडली नव्हती. एखाद्या बाईने लाडाने वाढवलेलं पोर असावं तशी ती टेबलावर पडली होती, आणि तिला असं वाटलं, की हातोडी घ्यावी आणि हिचा चुरा करावा.

तिने हातोडी घेतली नाही. खुर्चीवर बसली आणि रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून फडकं तोंडावर धरलं, तर फडक्याला तेलाचा वास. बाबांच्या शर्टाला हाच वास यायचा. मग तर तिला आवरेना.

पण रडून झाल्यावर तिचं डोकं चालू लागलं. समजा, मोटर खराब आहे असंच सांगितलं तर? नवी मोटर यायला खूप दिवस लागतात. तोवर मशीन बंद, म्हणजे बाबाही घरी. मालकिणीला तेवढं खरं सांगून ठेवता येईल, ती गप्प राहील. दिवस जातील, बाबांना घरची सवय होईल. मग कधीतरी, गोडीत, आता पुरे बाबा, असं म्हणता येईल. त्यांना मशीनवरून कोणी उतरवलं असं होणार नाही, मशीनच आधी थकलं असं होईल. इतकं लबाड गणित तिने उभ्या जन्मात मांडलं नव्हतं. तिने मोटर पुन्हा जुळवली, जागेवर बसवली, तेल भरलं, हवा काढली, आणि हात पुसत बाबांच्या समोर येऊन उभी राहिली.

"प्लेटा गेल्यात," ती म्हणाली. "आतून झिजलीय सगळी. नवीच मागवावी लागेल. ही नुसती बसवून ठेवलीय, धूळ जाऊ नये म्हणून."

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग ट्रकवाल्याकडे. आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की लेक पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागली.

"म्हणत नव्हतो मी?" ते ट्रकवाल्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "अरे, म्हणत नव्हतो? महिनाभर घसा कोरडा केला! रात्र रात्र पडून विचार करायचो, की मलाच काही झालं का काय. आपलाच हात आपल्याला परका वाटायला लागला, तर माणसाने जायचं कुठे?"

"तुम्हाला काय होतंय, काका," ट्रकवाला म्हणाला. "दगड आहात तुम्ही."

"चल, तुला दाखवतोच," बाबा म्हणाले. "तुझं दार माझ्यामुळे नाही गेलं, ते तुझ्या डोळ्यांनी बघ." आणि त्यांनी खिशातून खडू काढला.

लेक मशीनच्या आड येऊन उभी राहिली. "राहू दे ना, बाबा. खराब मोटर उगाच कशाला फिरवायची?"

"एकदाच. आणि तू चालव. मी चालवलं तर हा गावभर सांगेल, मोजपट्टीने मुद्दाम चुकवलं म्हणून."

झालं. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. बाबांनी वाकून दोन रेघा ओढल्या. ओढताना हात थोडा लांबला आणि खालची रेघ जरा जास्तच खाली गेली, पण सरळ होती. मग ते ट्रकवाल्याला घेऊन मागच्या वजनाच्या टप्प्याबाहेर जाऊन उभे राहिले, जिथे ती लहानपणी बसायची तितके लांब.

ती केबिनमध्ये चढली. सीटवर बाबांची चपटी झालेली उशी होती. इंजिन चालू केलं, तेल जरा गरम होऊ दिलं, पुढचा लांब हात उचलून आखडून घेतला आणि डावा दांडा ढकलला. धड फिरू लागलं. भिंती, ट्रक, कंटेनर, बाबा, पुन्हा भिंती. मोटर इतकी गुळगुळीत चालत होती, की तिला ऐकवेना. सोडायची जागा आली. तिच्या हाताला ती जागा अंधारातही कळली असती. हात आपोआप सुटू पाहत होता, आणि तिने तो दाबून धरला. दांडा धरूनच ठेवला, जरा आणखी, आणि मग सोडला. मशीन रेघ ओलांडून पुढे गेलं आणि थांबलं. तिने मान बाहेर काढली. दोन रेघांमध्ये चांगला हातभर फरक पडला होता.

"अरे बापरे!" ट्रकवाला ओरडला. "काका, हे तर बिनलगामाचं घोडं आहे! पटलं बुवा. माफ करा, मनात शंका आली होती माझ्या."

बाबा रेघांकडे बघतही नव्हते. मान किंचित तिरकी करून, इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून उभे होते, नुकताच थांबलेला आवाज मनात पुन्हा ऐकत असल्यासारखे.

"जरा पाणी घेऊन येतोस?" ते ट्रकवाल्याला म्हणाले. तो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत बाबा तसेच उभे राहिले. मग मशीनजवळ आले, केबिनच्या खाली थांबले, आणि वर न बघता म्हणाले, "बाहेर ये."

एवढी मोठी बाई, हाताखाली माणसं वागवणारी, पण तो आवाज ऐकला आणि ती दाराआड उभी असलेली पोर झाली. खाली उतरली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"दांडा उशिरा सोडलास," बाबा म्हणाले.

"हात चुकला, बाबा."

"तुझा हात चुकत नाही. मी शिकवलाय तो." आवाजात राग नव्हता. राग असता तर किती बरं झालं असतं. "दांडा सोडला की इंजिनाचा सूर बदलतो. मला ऐकू येतं ते. कान अजून शाबूत आहेत माझे. तू सोडलास आणि मशीन तिथून जेवढं जायला हवं तेवढंच गेलं. एक केस जास्त नाही." ते थांबले. "आणि सकाळी पाना लावायच्या आधी तू चालवून पाहिलं नाहीस. मला तेव्हाच खटकलं. म्हटलं, घाईत असेल. खटकलं ते मीच दाबून टाकलं, कारण मला तेच हवं होतं."

ती खाली बघत राहिली. चिखलात तिच्या बुटांचे ठसे होते, बाबांचे होते.

"मोटर चांगली आहे ना?"

तिने बुटाच्या टोकाने एक ठसा पुसून टाकला.

"अगं, मोटरीबद्दल विचारतोय. मोटरीबद्दल खोटं बोलायचं नसतं. खाली माणसं असतात."

"चांगली आहे," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आवरला नाही. "बाबा, मी सगळं बघितलं, दोनदा मोजलं, मला काहीच सापडलं नाही. मी खूप शोधलं हो."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला. तो यायला वेळ लागला, आणि आला तो डोक्यावर न पडता कानावर पडला. दोघांनाही ते कळलं. त्यांनी तो तिथेच राहू दिला. "काल तो पाण्याला उतरला नसता तर..." ते म्हणाले.

पलीकडच्या इमारतीत कोणीतरी खिडकी लावून घेतली. बाबांनी हात काढला, खडू खिशात टाकला.

"जा, वर बस," ते म्हणाले. "आता नीट कर."

"बाबा, नको."

"मला बघायचंय. तुला कसं जमतं ते तरी बघू दे मला."

ती वर चढली. ते टप्प्याबाहेर गेले. ती उशीवर बसली, पण डोळ्यांपुढे सगळं पाण्यासारखं हलत होतं, म्हणून तिने रेघांकडे बघितलंच नाही. भिंती, ट्रक, कंटेनर. बाबा. हात जिथे सुटायला हवा होता तिथे सुटला. तेलाने वजनाला अडवलं, वजन सावकाश नमलं, आणि मशीन थांबलं. मग ब्रेकच्या निरोगी प्लेटा एकमेकींना धरून बसल्या, आणि तो बारीक टक आवाज तिने पायांतून ऐकला.

बाबा आले. गुडघ्यावर हात देऊन वाकले. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, लावला. दोन रेघांच्या मध्ये बोट धरून पाहिलं. बोट हलत होतं, म्हणून दुसऱ्या हाताने धरलं. तेही जमेना तशी नख लावून पाहिलं. ती केबिनमधून मान बाहेर काढून त्यांच्या पाठीकडे बघत होती, जशी शिकताना बघायची, आणि मनातल्या मनात पुन्हा मागणं मागत होती. म्हणा ना, बाबा. एवढंसं तरी चुकलेलं असू दे. खडूची जाडी बघा. अर्धी रेघ बाहेर असेल. म्हणा, अजून एक बोट.

"बरोबर," बाबा म्हणाले.

उभं राहायला त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. त्यांनी शर्टाच्या बाहीने आधी वरची रेघ पुसली, मग खालची. चाचणी झाली की रेघा पुसायच्या, हाही त्यांचाच नियम होता.

"मालकिणीला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, मोटर चांगली आहे."

तिने फोन लावला. पलीकडून मालकिणीने काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "मोटर चांगली आहे." ट्रकवाला पाण्याचे ग्लास सांभाळत परत येत होता. बाबा त्याच्याकडे चालत गेले, आणि तिने बघितलं, की ग्लास घ्यायला त्यांनी आज दोन्ही हात पुढे केले होते.